बुकमार्क आणले आणि चौपट झाले: ब्राउझर बदलताना परत परत येणाऱ्या अडचणी

मामांचा फोन बहुधा दिवाळीच्या आसपास येतो, कारण नवा लॅपटॉप तेव्हाच घेतला जातो. "अरे, माझे बुकमार्क गेले." दोन-तीन वर्षांनी पुन्हा फोन येतो, फक्त तक्रार उलटी असते: "अरे, एकेक बुकमार्क चार-चारदा दिसतोय." यंदा तर तिसराच प्रकार झाला. ते रात्री बसून जादाचे बुकमार्क पुसायचे आणि सकाळी चहाचा कप घेऊन लॅपटॉप उघडला की सगळे परत जागेवर हजर!

मामा विट्याला असतात, महसूल खात्यातून निवृत्त झालेत. गल्लीतल्या निम्म्या घरांचे सातबारे, वीजबिलं आणि रेल्वेची तिकिटं त्यांच्याच लॅपटॉपवरून निघतात, त्यामुळे ते बुकमार्क म्हणजे नुसती हौस नाही. मूळचे होते ४१२. यंदा मी मोजले तेव्हा आकडा होता १,६४८. बरोबर चौपट. इतका नेमका आकडा दिसला म्हणजे काहीतरी "बिघडलंय" असं नसतं. कुणीतरी तेच काम चार वेळा नीट केलेलं असतं.

गेल्या काही वर्षांत नातेवाईक, शेजारी आणि ऑफिसातले सहकारी मिळून मी अशा बऱ्याच केसेस बघितल्या. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. नवा ब्राउझर पहिल्या दिवशी "तुमची सगळी माहिती आणू का?" असं विचारतो, तेव्हा लगेच हो म्हणू नये. आधी जुन्या ब्राउझरमधून आपल्या हातानं फाइल काढून घ्यावी, आणि ज्या त्या गोष्टीची वेगळी. बुकमार्क, पासवर्ड, हिस्टरी आणि लॉगिन या चार गोष्टी चार वेगवेगळ्या ठिकाणी, चार वेगवेगळ्या पद्धतींनी साठवलेल्या असतात. "सगळी माहिती" नावाची एक वस्तू नसतेच.

बुकमार्क दिसत नाहीत

दहापैकी सात वेळा ते गेलेले नसतात. तुम्ही दुसऱ्याच प्रोफाइलमध्ये बसलेले असता.

क्रोममध्ये एकाच संगणकावर अनेक प्रोफाइल असू शकतात: तुमचं, मुलीचं, ऑफिसच्या ईमेलचं. प्रत्येकाचे बुकमार्क वेगळे. खात्री करायची तर अ‍ॅड्रेस बारमध्ये रोमन अक्षरांत क्रोम, मग अपूर्णविराम, दोन तिरक्या रेघा आणि व्हर्जन असं टाइप करून एंटर दाबा. येणाऱ्या पानावर 'प्रोफाइल पाथ' अशी ओळ असते. तिच्या शेवटी 'डिफॉल्ट' असेल तर ते पहिलं प्रोफाइल, 'प्रोफाइल १', 'प्रोफाइल २' असेल तर नंतर केलेलं. उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर क्लिक करून दुसऱ्या प्रोफाइलमध्ये जाऊन बघा. बरेचदा शोध तिथेच संपतो.

फायरफॉक्सचं दुखणं जरा वेगळं. फायरफॉक्स ६७ पासून, म्हणजे २०१९ पासून, प्रत्येक इन्स्टॉलेशनला त्याचं स्वतंत्र प्रोफाइल मिळतं. जुना फायरफॉक्स एका फोल्डरमध्ये होता आणि नवा तुम्ही दुसऱ्या फोल्डरमध्ये बसवलात, तर तो कोऱ्या पाटीनं उघडतो. जुनी माहिती डिस्कवर तशीच असते. अ‍ॅड्रेस बारमध्ये अबाउट, अपूर्णविराम, प्रोफाइल्स असं टाइप केलं की सगळ्या प्रोफाइलांची यादी येते. जुन्या प्रोफाइलसमोर 'लाँच प्रोफाइल इन न्यू ब्राउझर' दाबून आधी नुसतं बघून घ्या. तेच हवं असेल तर 'सेट अ‍ॅज डिफॉल्ट प्रोफाइल' करा.

आणि हे लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो: बुकमार्कची पट्टी फक्त लपलेली असते, असंही होतं. कंट्रोल-शिफ्ट-बी दाबून बघा. एका ओळखीच्या वकिलांसाठी मी रविवारी स्कूटर काढून गेलो होतो, काम तीन सेकंदांचं निघालं. पोहे मात्र मिळाले.

आयात केलेले बुकमार्क कुठे जातात, तेही माहीत हवं. फायरफॉक्समध्ये एचटीएमएल फाइल (जुन्या ब्राउझरमधून काढलेली बुकमार्कची फाइल) आयात केली की बुकमार्क पट्टीवर येत नाहीत, 'बुकमार्क्स मेन्यू' या फोल्डरमध्ये पडतात. क्रोममध्ये आधीपासून काही बुकमार्क असतील तर नवे आलेले 'इम्पोर्टेड' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये बसतात, आणि पट्टी भरलेली असेल तर तो फोल्डर उजव्या टोकाच्या दुहेरी बाणामागे दडतो. माणूस पट्टीकडे बघतो, काही आलेलं दिसत नाही, म्हणून तो पुन्हा आयात करतो. पुन्हा दिसत नाही, म्हणून तिसऱ्यांदा. मामांच्या १,६४८ची अर्धी कहाणी ही होती.

एकाचे दोन, दोनाचे चार

उरलेली अर्धी कहाणी सिंकची. लोक आयात आणि सिंक या दोन गोष्टी एकच समजतात, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. आयात म्हणजे एकदाच होणारी नक्कल. सिंक म्हणजे तुमच्या खात्याशी कायम चालू असलेली देवघेव. नव्या लॅपटॉपवर तुम्ही आधी फाइल आयात केली आणि मग खात्यात लॉगिन करून सिंक चालू केलं, तर लॅपटॉपवरचे आणि खात्यातले बुकमार्क एकत्र केले जातात. तोच बुकमार्क त्याच नावानं त्याच फोल्डरमध्ये असेल तर ब्राउझर तो ओळखतो. पण तुमचे आयात केलेले 'इम्पोर्टेड' फोल्डरमध्ये आहेत आणि खात्यातले पट्टीवर, म्हणजे ब्राउझरच्या दृष्टीनं ते वेगळे. दोन्ही राहतात. आणि ही दुप्पट यादी मग फोनवर आणि ऑफिसच्या संगणकावरही जाऊन बसते.

म्हणून क्रम असा: एकाच खात्यानं काम भागत असेल, म्हणजे जुना क्रोम ते नवा क्रोम, तर फक्त सिंक वापरा, आयात करूच नका. ब्राउझरच बदलत असाल तर सिंक बंद ठेवून एकदाच आयात करा, नीट मांडून घ्या आणि मग सिंक चालू करा.

मामांच्या तिसऱ्या प्रकाराकडे, म्हणजे पुसलेले बुकमार्क सकाळी परत येण्याकडे, वळतो. मला आधी सिंकचाच संशय आला. फोन बंद करून बघितला, दुसरा लॅपटॉप बंद करून बघितला, तरी सकाळी हजर. मग सेटिंग्जमध्ये सापडलं. नव्या ब्राउझरनं पहिल्याच दिवशी काहीतरी विचारलं होतं आणि मामांनी चष्मा न लावता हो म्हटलं होतं. प्रश्न असा होता, की दर वेळी उघडताना दुसऱ्या ब्राउझरमधली माहिती आणत जाऊ का? मामा रात्री नव्यातले पुसत होते आणि सकाळी नवा ब्राउझर इमानेइतबारे जुन्यातले उचलून आणत होता. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये असा पर्याय सेटिंग्जमधल्या माहिती आयात करण्याच्या पानावर असतो. तुमचेही पुसलेले बुकमार्क परत येत असतील तर दुसरं काही करण्याआधी ते पान उघडून 'इच लाँच' असे शब्द असलेला पर्याय बंद करा.

झालेला पसारा आवरायचा कसा? क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये दुहेरी बुकमार्क शोधून काढणारं बटण नाही. त्यासाठी एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, मिळतात, पण बुकमार्क वाचायची आणि बदलायची परवानगी अनोळखी एक्स्टेंशनला द्यायला मला आवडत नाही. मी मामांसाठी केलं ते असं. सगळ्या उपकरणांवर सिंक बंद केलं. क्रोमच्या खात्यातला साठा सिंकच्या पानावर जाऊन रिकामा केला. यानं सर्व्हरवरची नक्कल जाते, उपकरणांवरचे बुकमार्क जात नाहीत. मग त्यातल्या त्यात नीट असलेली एक यादी निवडली, ती फाइल म्हणून काढून पेनड्राइव्हवर ठेवली. बाकी सगळीकडचे बुकमार्क पुसले, एकाच ठिकाणी ती फाइल आयात केली आणि मग एकेक उपकरण जोडत गेलो. दीड तास लागला. त्यात अर्धा तास "हा कुठला बुकमार्क?" यावर गेला.

फाइल काढणं

क्रोम, एज, ब्रेव्ह यांत कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबलं की बुकमार्कची यादी उघडते (एज त्यांना फेव्हरिट्स म्हणतो). तीन ठिपक्यांच्या मेन्यूत 'एक्स्पोर्ट' आहे. फायरफॉक्समध्येही तीच तीन बटणं, लायब्ररी नावाची खिडकी उघडते आणि 'इम्पोर्ट अँड बॅकअप' या मेन्यूत 'एक्स्पोर्ट बुकमार्क्स टू एचटीएमएल' मिळतं. मॅकवरच्या सफारीत फाइल मेन्यूत एक्स्पोर्ट.

सगळ्यांकडून मिळणारी फाइल एकाच जातीची असते. ती नोटपॅडमध्ये उघडलीत तर पहिल्याच ओळीत नेटस्केप हे नाव दिसेल. नव्वदच्या दशकात गाजलेला आणि कधीच इतिहासजमा झालेला तो ब्राउझर, पण बुकमार्कची फाइल अजून त्याच्याच साच्यात लिहिली जाते. त्याचा फायदा असा, की पंधरा-वीस वर्षांपूर्वी सीडीवर काढून ठेवलेली फाइलही आजचा ब्राउझर मुकाट्यानं वाचतो.

या फाइलमधून काय येतं? फोल्डर, नावं, पत्ते आणि बुकमार्क कधी केला ती तारीख. फायरफॉक्समध्ये तुम्ही टॅग लावत असाल तर ते फाइलमध्ये लिहिले जातात, पण क्रोमकडे टॅग हा प्रकारच नसल्यामुळे तो ते सोडून देतो. टॅगांवर मदार असेल तर हलवण्याआधी त्यांचे फोल्डर करून घ्या. बुकमार्कांच्या मधल्या आडव्या रेघाही जातात, पण त्यांच्यावाचून कुणाचं अडलेलं पाहिलं नाही.

मराठी नावं नीट येतात, फाइल युनिकोडमध्ये असते. पत्ते मात्र दचकवतात. मराठी विकिपीडियाच्या पानाचा पत्ता फाइलमध्ये टक्केचिन्हांची लांबलचक माळ होऊन बसतो, कारण देवनागरीतलं एकेक चिन्ह तीन बाइटचं आणि प्रत्येक बाइट लिहायला तीन अक्षरं. 'मराठी' या एका शब्दाची ४५ अक्षरं होतात. ते बिघडलेलं नाही. हात लावू नका.

फायरफॉक्सवाल्यांनी एक मात्र लक्षात ठेवायचं. त्याच मेन्यूत 'बॅकअप' आणि 'रिस्टोअर' असंही आहे. बॅकअप जेसन प्रकारची फाइल काढतो, त्यात टॅगसकट सगळं असतं आणि फायरफॉक्सकडून फायरफॉक्सकडे जाताना तोच वापरावा. पण रिस्टोअर हे आयातीसारखं भर घालत नाही. आत्ता जे आहे ते पूर्ण काढून टाकून त्या जागी फाइलमधलं ठेवतं. नव्या लॅपटॉपवर आठवडाभरात जमवलेले पंचवीस बुकमार्क एका क्लिकमध्ये जातात. तो इशारा देतो, पण इशारे कोण वाचतं!

बुकमार्क फोनवरच असतील तर तो संगणकाशी सिंक करून फाइल संगणकावरून काढणं सगळ्यात सरळ. तिथे ते 'मोबाइल बुकमार्क्स' या फोल्डरमध्ये सापडतात.

"आले, पण उघडत नाहीत" या तक्रारीचा उगम बहुतेक वेळा स्थलांतरात नसतोच. लॉगिन केल्यानंतरच्या आतल्या पानाचा बुकमार्क केलेला असतो. त्या पत्त्यात त्या दिवसाच्या सेशनचा, म्हणजे त्या वेळच्या लॉगिनचा, क्रमांक अडकलेला असतो, आणि तो जुन्या ब्राउझरमध्येही दुसऱ्या दिवशी उघडला नसता. मामांकडे असे चाळीसेक निघाले. पहिल्या पानाचा बुकमार्क करा, आत चालत जा.

पासवर्ड, आणि एक्सेल नावाचा सापळा

पूर्वी नवा ब्राउझर जुन्याचे पासवर्ड थेट उचलायचा. आता त्यावर विसंबू नये. चोरटे प्रोग्रॅमही नेमकं तेच करायचे, म्हणून ब्राउझर आपापली कुलपं घट्ट करत चाललेत. जुलै २०२४ मध्ये आलेल्या क्रोम १२७ नं विंडोजवर कुकीजना, म्हणजे तुमचं लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदींना, असं कुलूप लावलं, की दुसऱ्या प्रोग्रॅमला ते सहजी उघडता येऊ नये. त्यामुळे विझार्डनं, म्हणजे नव्या ब्राउझरच्या माहिती आणून देणाऱ्या सोयीनं, बुकमार्क आणले आणि पासवर्ड आणले नाहीत, तर त्याच्याशी भांडत बसू नका. सीएसव्ही फाइल काढा, म्हणजे रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर फाइल. क्रोममध्ये पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये एक्स्पोर्ट आहे, तो विंडोजचा पिन किंवा पासवर्ड मागतो. फायरफॉक्समध्ये पासवर्डच्या पानावर तीन ठिपक्यांत एक्स्पोर्ट आणि फाइलमधून इम्पोर्ट दोन्ही आहेत. क्रोम एका वेळी ३,००० पासवर्ड घेतो, घरगुती माणसाला ती मर्यादा लागत नाही.

आता ही फाइल. तिच्यात तुमचे सगळे पासवर्ड उघड्या अक्षरांत असतात, कुठलंही कुलूप नाही. आणि विंडोजमध्ये तिच्यावर डबल-क्लिक केलं की बहुतेक संगणकांवर एक्सेल उघडतं. इथे नुसतं बघून बंद केलंत तर ठीक. पण माणूस दोन जुन्या ओळी काढतो, 'सेव्ह' दाबतो, आणि मग महिनाभर "पासवर्ड चुकीचा" असा संदेश बघत बसतो. होतं काय, ते सांगतो.

एक्सेल आकड्यासारखं दिसेल त्याला आकडा मानतं. बँकेच्या कस्टमर आयडीच्या सुरुवातीला शून्यं असतील तर ती गायब. महावितरणचा ग्राहक क्रमांक १२ अंकी असतो आणि एक्सेल साध्या रकान्यात ११ अंकांपर्यंतच आकडा पूर्ण दाखवतं, म्हणून तो १.६ई+११ असा काहीतरी दिसू लागतो. आणि सीएसव्ही सेव्ह करताना एक्सेल जसं दिसतंय तसंच लिहितं, म्हणजे मूळ क्रमांक गेलाच. पासवर्ड बरोबरच्या चिन्हानं किंवा अधिक-उणे चिन्हानं सुरू होत असेल तर त्याला ते गणिताचं सूत्र समजतं. '५-६' असं काही असेल तर त्याची तारीख करतं. टिपणाच्या रकान्यात मराठीत काही लिहिलेलं असेल, तर ते डोक्यावर टोप्या चढवलेल्या रोमन अक्षरांच्या रांगेसारखं दिसतं, कारण फाइल युनिकोडमध्ये असल्याचं डबल-क्लिकनं उघडलेल्या एक्सेलला कळत नाही. त्या अवस्थेत सेव्ह केलं की तो कचरा पक्का होतो.

त्यामुळे फाइल उघडूच नका. अगदीच बघायची असेल तर राइट-क्लिक करून नोटपॅडमध्ये. जुन्या ओळी काढायच्या असतील तर आयात झाल्यावर ब्राउझरमध्ये काढा. आधीच एक्सेलमध्ये सेव्ह करून बसला असाल तर दुरुस्तीच्या नादी लागू नका, जुन्या ब्राउझरमधून नवी फाइल काढा. जुना ब्राउझर महिनाभर तरी ठेवायचा, तो याचसाठी.

फाइल कुठे ठेवता, तेही बघा. कित्येक लॅपटॉपांवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर आपोआप क्लाउडवर चढत असतात. डेस्कटॉपवर ठेवलेली पासवर्डची फाइल दोन मिनिटांत तिकडे पोचते आणि इथून पुसली तरी तिकडच्या कचरापेटीत राहते. डाउनलोड्समध्ये ठेवा, आयात करा, दोन-तीन ठिकाणी लॉगिन होतंय का बघा आणि शिफ्ट-डिलीटनं पुसा. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवणारे आहेत. त्यांना मी हात जोडतो.

पासकी मात्र या फाइलमध्ये येत नाहीत. पासवर्डऐवजी बोटाचा ठसा किंवा पिन वापरून जिथे लॉगिन करता, तिथे नव्या ब्राउझरमध्ये बहुधा नवी पासकी करावी लागते. जुना लॅपटॉप पुसण्याआधी अशा साइट्सची यादी करून ठेवा.

लॅपटॉप बंद पडलाय, फक्त हार्ड डिस्क आहे

या प्रश्नाचं उत्तर लोकांना आवडत नाही. डिस्क केसिंगमध्ये घालून नव्या संगणकाला यूएसबीनं जोडली तर बुकमार्क मिळतात. युजर्स, मग तुमच्या नावाचा फोल्डर, त्यात अ‍ॅपडेटा. हा लपलेला असतो, व्ह्यू मेन्यूत 'हिडन आयटम्स' वर खूण करा. पुढे लोकल, गूगल, क्रोम, युजर डेटा, डिफॉल्ट. तिथे 'बुकमार्क्स' नावाची, पुढे कुठलाही डॉट नसलेली फाइल असते. नव्या संगणकावर क्रोम पूर्ण बंद करून ती त्याच जागी ठेवली की काम झालं. 'पूर्ण बंद' म्हणजे घड्याळाशेजारी क्रोमचं चिन्ह उरलंय का तेही बघा, खिडकी बंद केली तरी तो मागे चालू राहू शकतो.

पण पासवर्डची फाइल अशी उचलून काही उपयोग नाही. विंडोजवर क्रोमचे पासवर्ड ज्या किल्लीनं बंद केलेले असतात ती किल्ली तुमच्या विंडोज खात्याला बांधलेली असते. फाइल येते, कुलूप उघडत नाही. सिंक चालू होतं का, एवढाच प्रश्न उरतो. चालू असेल तर पासवर्ड गूगल खात्यात आहेत, तिथून घ्या.

फायरफॉक्सचं उलट आहे. रोमिंग, मोझिला, फायरफॉक्स, प्रोफाइल्स या वाटेनं प्रोफाइलचा फोल्डर सापडतो. त्यात लॉगिन्स डॉट जेसन आणि की४ डॉट डीबी या दोन फाइली आहेत, पहिलीत पासवर्ड आणि दुसरीत किल्ली. जोडीनं नेल्या तर कुठल्याही संगणकावर चालतात, एकटी कुठलीच चालत नाही. बुकमार्क आणि हिस्टरी प्लेसेस डॉट एसक्यूलाइट या फाइलमध्ये. सोय आहे खरी, पण हीच सोय तुमची डिस्क ज्याच्या हाती पडेल त्यालाही आहे. फायरफॉक्समध्ये 'प्रायमरी पासवर्ड' लावून ठेवा, आणि जुना लॅपटॉप विकताना डिस्क विकू नका.

चुकून पुसले

आधी कंट्रोल-झेड. क्रोमच्या बुकमार्क यादीत ते चालतं, हे कित्येकांना माहीतच नसतं. ते जमलं नाही तर ब्राउझर बंद-चालू करत बसू नका, कारण क्रोमकडे 'बुकमार्क्स डॉट बॅक' ही एकच जुनी प्रत असते आणि पुढच्या वेळी क्रोम चालू झाला की तिच्यावर नवी प्रत लिहिली जाऊ शकते. इंटरनेट तोडा, क्रोम बंद करा, वर सांगितलेल्या फोल्डरमधून दोन्ही फाइलींच्या प्रती दुसरीकडे काढून ठेवा. मग 'बुकमार्क्स' फाइल बाजूला करून 'बॅक'वाल्या फाइलचं नाव नुसतं 'बुकमार्क्स' करा. इंटरनेट तोडलेलं असतानाच क्रोम उघडून, आलेले बुकमार्क एचटीएमएल फाइलमध्ये काढून घ्या. जोडणी चालू असेल तर सिंक तुमची चूक प्रामाणिकपणे पुन्हा करून ठेवतं.

फायरफॉक्स याबाबतीत शहाणा. तो आपणहून बॅकअप काढत राहतो, सहसा मागच्या १५ प्रती असतात. लायब्ररीतल्या रिस्टोअरमध्ये तारखा दिसतात, कालची निवडा.

बाकीचं

हिस्टरी विझार्डनं आणली तर येते, पण क्रोम ९० दिवसांपलीकडची हिस्टरी ठेवत नाही. फायरफॉक्समधली दोन वर्षांची हिस्टरी क्रोममध्ये टिकेल अशी आशा नको. महत्त्वाची पानं आधीच बुकमार्क करा. कुकीज येत नाहीत असंच धरून चाला. प्रत्येक साइटवर पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी. म्हणून ज्या आठवड्यात सिम बदलताय त्या आठवड्यात ब्राउझर बदलू नका. एक्स्टेंशन नव्यानं बसवावी लागतात आणि त्यांची सेटिंग्ज त्यांच्या-त्यांच्या बॅकअप बटणानं न्यावी लागतात.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट, जी कुठलाच विझार्ड आणत नाही. फायरफॉक्समध्ये शुद्धलेखन तपासताना "शब्दकोशात घाला" म्हणत तुम्ही वर्षानुवर्षं जमवलेले शब्द प्रोफाइलमधल्या पर्सडिक्ट डॉट डॅट या साध्या मजकूर फाइलमध्ये असतात. माझ्या फाइलमध्ये गावांची नावं, आडनावं, भाज्या असं बरंच काही आहे. ती उचलून नव्या प्रोफाइलमध्ये ठेवली की झालं.

मामांचा आकडा आता ३७१ आहे. सेशनवाले काढले, एक बंद पडलेली साइट काढली. पासवर्ड सगळे आले, फक्त एक सोडून. तो कधी सेव्हच केलेला नव्हता. मामी उठल्या, देवघराच्या खणातून लाल बाइंडिंगची वही काढली आणि म्हणाल्या, "मागून तिसरं पान."